मेकॅनिकलनंतर एक वर्षाचा जीएमई कोर्स: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

मेकॅनिकल करून मर्चंट नेव्हीत जायचंय, जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंग) करू का, असं विचारणारे मेसेज सारखे येतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मी मुंबई-पुणे पट्ट्यातल्या एका निवासी संस्थेत हा कोर्स केला, आता टँकरवर फोर्थ इंजिनिअर आहे. संस्थेचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बारावीनंतर थेट मरीन करायचं तर आयएमयू सीईटी (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा) देऊन चार वर्षांचं बीटेक. पण आधीच मेकॅनिकलची डिग्री हातात असेल तर डीजी शिपिंगने (केंद्र सरकारचं जहाजांचं खातं) मान्यता दिलेला एक वर्षाचा प्री-सी, म्हणजे जहाजावर जायच्या आधीचा कोर्स, तोच हा जीएमई. तो झाला की जहाजावर ट्रेनी किंवा ज्युनिअर इंजिनिअर म्हणून जायचं, निदान सहा महिने सी टाइम (जहाजावरची नोकरी) भरायचा, मग एमएमडीला (मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट, परीक्षा घेणारं सरकारी ऑफिस) क्लास फोरची, म्हणजे इंजिनिअरच्या पहिल्या लायसन्सची लेखी आणि ऑरल्स, आणि ती निघाली की तुम्ही वॉच (इंजिन रूममधली ड्युटीची पाळी) सांभाळणारे ऑफिसर. म्हणजे कोर्सचं सर्टिफिकेट हे फक्त गेट पास आहे, खरं लायसन्स पुढे आहे, हे घरच्यांना आधीच समजावून सांगा.

आता कोर्स. वर्कशॉपला माझ्याकडून पूर्ण मार्क. सुरुवातीला नुसतं फाइलिंग, लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि चारही बाजू काटकोनात येईपर्यंत घासत बसायचं, हाताला फोड यायचे आणि पोरं वैतागायची, पण त्यातूनच हात बसतो. मग लेथ, वेल्डिंग, गॅस कटिंग, पंप उघडून परत बसवणं. इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही लेथ लांबूनच बघितलेला, जर्नल तर सगळे एकमेकांचं बघून लिहायचे, त्यामुळे इथे पहिल्यांदा मशीन खरंच हातात आलं. प्युरिफायर (तेलातलं पाणी आणि गाळ वेगळा काढणारं मशीन) तर आमच्याकडून इतक्या वेळा उघडून घेतला की बाउल, डिस्क, सीलिंग रिंग हा क्रम झोपेत पण सांगता यायचा. जहाजावर गेल्यावर सेकंड साबने (सेकंड इंजिनिअर) सगळ्यात आधी कामाला लावलं ते प्युरिफायरवरच. रिंग नीट बसली नाही तर चांगलं तेल सरळ स्लज टँकमध्ये जातं, आणि ते का जातं हे मला तेव्हा कोणाला विचारावं लागलं नाही.

दुसरी जमेची गोष्ट म्हणजे कॅम्पसमधली इंजिन रूम. काही संस्थांमध्ये जहाजासारखी चालती इंजिन रूम उभी केलेली असते, जनरेटर खरे, बॉयलर खरा, पंप खरे. तिथे आम्हाला लाइन ट्रेसिंग करायला लावायचे, म्हणजे पाइपावर हात ठेवून टँकपासून इंजिनपर्यंत चालत जायचं, मध्ये कुठला व्हॉल्व्ह, कुठला फिल्टर ते बघायचं आणि आकृती स्वतः काढायची, मॅन्युअलमधली कॉपी केलेली चालायची नाही. मुद्दाम ब्लॅकआउट करायचे, अंधारात इमर्जन्सी जनरेटर लागला की नाही, मग कुठला पंप आधी चालू करायचा, हे सगळं घाम गाळत शिकलो. प्रवेश घ्यायच्या आधी संस्था बघायला जाल तेव्हा ही इंजिन रूम चालू करून दाखवा म्हणा. बंद, रंग मारून चकचकीत ठेवलेली असेल तर मी तरी तिथे पैसे भरणार नाही.

शिकवणाऱ्यांबद्दल, जे समुद्रावर राहून आलेत ते आणि जे नाही ते यात फार फरक पडतो. आमचे एक सर जुन्या डीएमईटीचे (मरीन इंजिनिअर घडवणारी सरकारी संस्था), रिटायर्ड चीफ इंजिनिअर. (डीएमईटी 1949 पासूनची, मुंबईतली शाखा म्हणजे शिवडीच्या 'हे बंदर' (Hay Bunder) रोडवरचं आताचं आयएमयूचं कॅम्पस, त्या काळची माणसं डॉकमध्ये हात काळे करून तयार झालेली.) ते उत्तर बरोबर आलं तरी थांबायचे नाहीत, 'का?' असं विचारायचेच. क्रँककेसचा (इंजिनचा खालचा बंद भाग) ऑइल मिस्ट अलार्म, म्हणजे आत तेलाची वाफ वाढल्याचा इशारा, वाजला तर काय कराल? स्पीड कमी करू, ब्रिजला सांगून इंजिन थांबवू, रिलीफ डोअरच्या समोरून लांब राहू. बरोबर, मग दार उघडून बघाल का? वर्गात निम्मी पोरं हो म्हणाली. तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं की आत कुठेतरी हॉट स्पॉट आहे, तेलाची वाफ आहे, कमी आहे ती फक्त हवेची आणि दार उघडलं की ती तुम्हीच पुरवता, म्हणून इंजिन गार होईपर्यंत हात लावायचा नाही. आजही क्रँककेस इन्स्पेक्शनला उतरताना सर आठवतात.

आता तक्रारी. सिम्युलेटर जाहिरातीत भारी दिसतो, पण आमची बॅच मोठी आणि कन्सोल मोजके, एक जण माउस धरणार आणि बाकीचे मागे उभे. थिअरीच्या काही लेक्चरला स्लाइड वाचून दाखवायचे, त्या पण जुन्या. 1 जानेवारी 2020 पासून जगभर इंधनातल्या सल्फरची मर्यादा 3.50 टक्क्यांवरून 0.50 वर आली आणि एमिशन कंट्रोल एरियात (प्रदूषणाचे नियम जास्त कडक असलेला समुद्राचा पट्टा) तर 0.10 च, तरी आमच्या स्लाइडवर जुनेच आकडे! हे फक्त परीक्षेपुरतं नाहीये. गरम जड तेलावरून गॅस ऑइलवर येताना तापमान हळूहळू उतरवावं लागतं, घाई केली तर फ्युएल पंप अडकतो, आणि हे बहुतेक वेळा बंदर जवळ आल्यावर, ट्रॅफिकमध्ये करायचं असतं. सिम्युलेटरवर प्रत्येकाने स्वतः करायला हवं होतं ते आम्ही वहीत उतरवून घेतलं. एलएनजी, मिथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनांबद्दल तर नावापुरतंच शिकवलं, आणि नवीन जहाजं तिकडेच चालली आहेत.

पहाटेची पीटी, फॉल इन, बारीक केस याबद्दल खूप जण कुरकुर करतात. मला मात्र ही शिस्त पटते. रात्री दोनला अलार्म वाजल्यावर बॉयलर सूट चढवून खाली पळायची सवय अशीच लागते. मेस ठीक.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोकरी. बोर्डावर 100 टक्के प्लेसमेंट लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, स्पॉन्सरशिप लेटर (कोर्सनंतर जहाजावर घेऊ असं कंपनीचं पत्र) मागा आणि शांतपणे वाचा. कोणती कंपनी, तिच्याकडे आरपीएसएल लायसन्स (जहाजावर माणसं भरायचा सरकारी परवाना) चालू आहे का (डीजी शिपिंगच्या साइटवर यादी आहे), कोर्स संपल्यावर किती दिवसांत जॉइनिंग, काहीच नसेल तर तो कागद शोभेचा आहे. आमच्या बॅचमधली स्पॉन्सर असलेली पोरं लवकर गेली, बाकीचे कितीतरी महिने ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत होते आणि संस्थेचा प्लेसमेंट सेल फोन उचलायचा नाही. अशा वेळी एजंट गाठतात, दोन-चार लाख द्या, लगेच जहाज देतो. जहाजावर नोकरी लावायचे पैसे उमेदवाराकडून घेणं बेकायदेशीर आहे, 2016 च्या भरतीच्या नियमांत तसं स्पष्ट आहे, एमएलसीत (जहाजावरच्या कामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) पण आहे. आईबापांनी कोकणातली जमीन गहाण टाकून असे पैसे दिलेले मी बघितलेत, पोराला जहाज काही मिळालं नाही, कृपा करून देऊ नका.

फी भरायच्या आधी अजून एक करा, डीजीने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून मेडिकल करून घ्या, खासकरून कलर व्हिजन. रंग ओळखण्यात दोष निघाला तर इंजिन साइडला पण घेत नाहीत, आणि हे ॲडमिशननंतर कळलं तर फी परत मिळवताना नाकी नऊ येतात.

लोन काढणार असाल तर बँकेत विचारून घ्या की हप्ता कधी सुरू होतो. एज्युकेशन लोनला साधारण कोर्स अधिक एक वर्ष सूट असते, पण तेवढ्यात जहाज मिळेलच असं धरून चालू नका, आणि ट्रेनीचा स्टायपेंड पण फार नसतो, त्यामुळे घरून काही महिने हप्ता भरता येईल एवढी सोय ठेवूनच सही करा.