रॅमचे व्होल्टेज आणि खडेबाजारातील एक दुरुस्तीचे दुकान

खानापुरात माझे डीटीपीचे लहानसे काम आहे. लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या, यात्रेची माहितीपत्रके, आणि त्यांतील बरेचसे काम मराठी व कन्नड अशा दोन्ही लिप्यांत असते. गेल्या वर्षी संगणकातील १६ जीबी रॅमला आणखी १६ जीबीची जोड दिली आणि तेव्हापासून तो दिवसातून एकदोनदा निळा पडदा दाखवून बंद पडू लागला. त्याहून वाईट म्हणजे रात्री जतन केलेली पत्रिका सकाळी उघडेनाशी होऊ लागली. पहिल्या दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने घातले, मग एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) बदलला, आणि दोन्ही वेळा माझे पैसे गेले. शेवटी कॅबिनेट मांडीवर घेऊन मी बसने बेळगाव गाठले. खडेबाजाराच्या एका बोळातील ज्या दुकानाविषयी हे लिहीत आहे, ते चार खुर्च्याही मावणार नाहीत एवढे आहे.

दुकान चालवणारा तरुण घरी कन्नड बोलणारा, पण त्याचे मराठी अस्सल बेळगावी. त्याने आधी कोणताही भाग न बदलता बायोसमधील (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधील) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद केली, रॅमला तिच्या मूळ वेगावर आणि १.२ व्होल्टवर आणले आणि रात्रभर मेमटेस्ट ही रॅम तपासणारी चाचणी चालवली. एकही चूक निघाली नाही, म्हणजे स्टिक (रॅमच्या पट्ट्या) खराब नव्हत्या. एक्सएमपी चालू करताच ३२०० वेग आणि १.३५ व्होल्ट लागू झाले आणि तिसऱ्या फेरीत चुका दिसू लागल्या. दोन-दोन स्टिकची प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे लावली की चाचणी स्वच्छ, चारही एकत्र लावल्या की पुन्हा चुका.

माझी रॅम डीडीआर ४ प्रकारची, आणि त्या प्रकाराचे मानक व्होल्टेज १.२ आहे. १.३५ हा आकडा उत्पादकाने स्टिकवर नोंदवून ठेवलेल्या वेगवान प्रोफाइलचा असतो आणि त्याची हमी त्या एका पाकिटातील स्टिकपुरतीच असते, हे मला तेथे प्रथमच नीट कळले. माझ्या दोन्ही पाकिटांवरचे लेबल तंतोतंत सारखे होते, पण सॉफ्टवेअरने वाचल्यावर आतील चिप वेगवेगळ्या निघाल्या. शिवाय माझ्या रायझन ५ ३६०० प्रोसेसरला माझ्यासारख्या दोन सिंगल रँक (चिपचा एकच संच असलेल्या) स्टिकवर ३२०० वेग अधिकृतपणे चालतो, तर तशाच चार लावल्यास अधिकृत मर्यादा २९३३ आहे. हे मी रॅम विकत घेतानाच वाचायला हवे होते.

तरीही त्याने व्होल्टेजचा मार्ग लगेच सोडला नाही, आणि ही चिकाटीच मला सर्वांत आवडली. त्याने १.३५ वरून १.३६, मग १.३८ असे एका वेळी एकच पाऊल टाकले, प्रत्येक पावलानंतर पूर्ण चाचणी घेतली आणि निकाल वहीत लिहिला. चुका कमी झाल्या, संपल्या मात्र नाहीत. प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरला (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागाला) मिळणारे एसओसी व्होल्टेज निराळे असते. ते त्याने १.१ पर्यंत नेले, पण फरक पडला नाही. मी आणखी वाढवून पाहायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “व्होल्टेज वाढवलं म्हणून सगळं बरं होतंय असं नाही की हो काका. गरम होतंय, आणि चार स्टिकचं ओझं तसंच राहतंय.” अखेर त्याने वेग २९३३ वर आणून व्होल्टेज पुन्हा १.३५ केले. चार फेऱ्या पूर्ण झाल्या आणि चूक शून्य. वेग सुमारे आठ टक्क्यांनी उतरला, पण पत्रिकेची पाने लावताना मला तो फरक जाणवत नाही. आठ महिन्यांत निळा पडदा एकदाही दिसलेला नाही.

मजुरी ७०० रुपये झाली. नवी रॅम माझ्या गळ्यात मारणे त्याला सहज शक्य होते, त्याने ते केले नाही. तक्रारी दोन आहेत. संगणक सहा दिवस अडकून पडला आणि किती दिवस लागतील हे आधी सांगण्यात आले नव्हते. ऐन लग्नसराईत ही उणीव लहान नाही. दुसरे म्हणजे, बायोस अद्ययावत करण्याचा साधा उपाय त्याने पहिल्याच दिवशी करून पाहायला हवा होता असे मला वाटते. तो अगदी शेवटी झाला आणि त्यामुळे सेटिंग पुसली जाऊन पुन्हा भरावी लागली.

त्याचा एक फायदा मात्र झाला. अंतिम आकडे त्याने कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवून दिले. मदरबोर्डवरील सेल उतरला तर ते उपयोगी पडतील. तेथे जाणार असाल तर सोमवारी सकाळी जा आणि दिवसांचा अंदाज लेखी मागून घ्या. मॉनिटर व कीबोर्ड नेण्याची गरज नाही, दुकानात ते आहेत.