मडगाव–पणजी शटल: प्रोबेशनवर असलेल्यांसाठी

प्रोबेशनच्या काळात कामाच्या आधी हजेरीची वेळ नजरेत भरते. मडगावहून पणजीला नव्याने रुजू झालेल्यांना त्या बाबतीत कदंबची (गोव्याच्या सरकारी बससेवेची) नॉनस्टॉप शटल खासगी बसपेक्षा भरवशाची. तिकीट चढण्याआधी खिडकीवर काढायचं आणि उभ्याने प्रवास नाही, त्यामुळे सीट नक्की. पण रांग मोठी असली की गाडी डोळ्यांदेखत भरून निघून जाते. सोमवारी सकाळी तर हमखास. म्हणून हिशेब रांगेवरून करा: प्रवासाला तास, रांगेला वीस मिनिटं, स्टँडवरून ऑफिसपर्यंतचं वेगळं. पाटोवर ऑफिस असेल तर चालत जाता येतं. आल्तिनोचा चढ मात्र पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसून गाठलेला बरा, नाहीतर पहिल्याच मीटिंगला घामाघूम. पर्वरीला सचिवालयात जायचं तर पुन्हा म्हापशाकडची बस, मांडवी ओलांडून.

नवा झुआरी पूल 2022 च्या डिसेंबरात सुरू झाल्यापासून कुठ्ठाळीची कोंडी बरीच हलकी झाली आहे. पावसाळ्यात तरी पंधरा मिनिटं जादा धराच.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली असेल तर ही रांग तुमची नव्हे. शटल वाटेत थांबत नाही, साधी बस पकडा. कंपनीची बस असल्यास थांबा आणि वेळ एचआरकडून रुजू होण्याआधीच मेसेजवर मागून घ्या.

खरी अडचण परतीची. नव्या माणसाच्या टेबलावर काम नेमकं सुटायच्या वेळी येतं, आणि रात्री गाड्या विरळ होतात. शेवटच्या शटलची वेळ खिडकीवर विचारून साहेबांच्या कानावर घालून ठेवा. मासिक पासची घाई नको. आधी शिफ्ट पक्की होऊ द्या.