आठवीचा फाउंडेशन क्लास, दोन वर्षांचा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

पोरीला आठवी अन नववी अशी दोन वर्ष फाउंडेशन क्लासला, म्हणजे इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षांची शाळेपासूनच तयारी करून घेणाऱ्या क्लासला, पाठवलं म्हणून लिहून राहिलो. क्लासचं नाव टाकत नाही, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी आहे, पोरगी १४ किलोमीटरवरून एसटीनं जायची. फी वर्षाची २२ हजार, दुसरा हप्ता सोयाबीन विकल्यावर घेतला त्यांनी, कटकट केली नाही. शिकवणं पक्कं, गणिताचे सर एकच उदाहरण तीन रीतीनं सोडवून दाखवतात, डाऊट विचारला तर सुट्टी झाल्यावरही थांबतात.

राग आहे तो बॅच पाडण्याचा. सातवीच्या उन्हाळ्यात ४० प्रश्नांची एक टेस्ट, त्यावरून ए अन बी. पोरगी बी मध्ये गेली, मला वाटलं पोर्शन तर एकच असन. तसं नाही. दिवाळीपर्यंत ए बॅचमध्ये वर्गसमीकरणं सुरू झाली अन बी वाले शाळेच्याच पुस्तकातली उदाहरणं करून राहिले होते. वर्गसमीकरण शाळेत दहावीला येते, म्हणजे ए चे पोट्टे दोन वर्ष समोर. आयआयटीवाले आठवीची बॅच विचारत नाहीत हे खरं, पण अकरावीत जेईईच्या (आयआयटीसारख्या कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेच्या) बॅचला बसलं की तिथे कोणी मागच्यासाठी थांबत नाही, अन ज्याच्या हाताला बीजगणित बसलं नाही त्याला फिजिक्सही जड जाते. माझ्या मावसभावाची पोरगी अमेरिकेत शिकते, तिथेही आठवीत अल्जेब्रा झालं तर सरळ वाटेनं बारावीला कॅल्क्युलस होते, नाहीतर मधात कुठंतरी एका वर्षात दोन विषय उरकावे लागतात, अन मोठी कॉलेजं शाळेत कुठपर्यंतचं गणित झालं ते पाहतात म्हणे.

दिवाळीनंतर मी टेस्टचा पेपर पाहायला मागितला. १७ चुकले होते. घरी ओट्यावर बसून एकेक पाहिला तर त्यातल्या ११ मध्ये तिला प्रश्नच समजला नव्हता! झेडपीची मराठी शाळा, मसावि-लसावि तोंडपाठ, अन पेपरात एचसीएफ-एलसीएम. 'कन्सेक्युटिव्ह ऑड नंबर्स' म्हणजे क्रमागत विषम संख्या एवढंच सांगितलं, तिनं दोन मिनिटात उत्तर काढलं अन म्हणाली, "बाबा, हे तं येते मले." त्या रात्री मला झोप नाही लागली.

इंग्रजी शब्द लागतातच, त्याला माझी ना नाही. सीईटीला, म्हणजे राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेला, गणिताचा पेपर इंग्रजीतच असते, ५० प्रश्न २-२ मार्काचे, म्हणजे २०० पैकी १०० मार्क तिथेच. जेईई मेन २०२१ पासून मराठीतून देता येते, पण आयआयटीसाठी त्याच्यानंतर द्यावी लागते ती ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी नाहीतर हिंदी. मग पहिला महिना पोरांना शब्दच शिकवा ना, टेस्ट त्याच्यानंतर घ्या, गावातून येणारी अर्धी पोरं मराठी शाळेतली आहेत हे क्लासला माहीत आहे.

सरांनी ऐकून घेतलं, पण बॅच वर्षातून एकदाच बदलते म्हणाले. पोरीनं मग एक दोनशे पानी वही केली, डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी, अन नववीच्या टेस्टला ए मध्ये गेली. पण ए वाल्यांचं वर्षभराचं झालेलं होतं, ते भरून काढायला रोज रात्री ११ पर्यंत बसायची, लाइट गेली तर मोबाइलच्या टॉर्चवर. आता अकरावीत आहे, अमरावतीचं सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज मनात धरून आहे.

ॲडमिशन घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी तपासलेला पेपर मागा, अन परत टेस्ट कधी ते पावतीवर लिहून घ्या. ती वही सध्या आमच्या गावातल्या सातवीच्या दोन पोरींकडे आहे, कोणाला झेरॉक्स पाहिजे असन तर सांगा. दोन स्टार कापले ते त्या आठवीच्या वर्षाचे.