अ‍ॅरिझोनातल्या चांडलरमधली चार्टर शाळा: गणित झकास, पिकअपची लाईन डोकं फिरवणारी (३.५ स्टार)

मुलगी दोन वर्षं जातेय, आता सहावीत आहे, म्हटलं लिहून टाकावं. शाळेचं नाव मुद्दाम देत नाहीये, इथल्या मराठी ग्रुपवाल्यांना तसंही बरोब्बर कळेल.

नवीन आलेले सगळे पहिलं हेच विचारतात की फी किती, तर फी शून्य. चार्टर म्हणजे प्रायव्हेट नव्हे, पैसा सरकारचाच, फक्त चालवणारे डिस्ट्रिक्टचे (म्हणजे भागातल्या नेहमीच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे) नसतात आणि मूल जिथे जाईल तिथे त्याच्या वाट्याचा पैसा जातो. अ‍ॅरिझोनात चार्टरचा कायदा १९९४ पासून आहे. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की लॉटरी, आमचा वेटलिस्टवर चौदावा नंबर होता, आशा सोडली होती आणि जुलैत अचानक फोन, दोन दिवसांत सांगा म्हणे!

शिकवणं खरंच चांगलं. गणितात नुसतं उत्तर चालत नाही, कसं काढलं ते वहीत लिहायला लावतात, पोरगी आता मलाच स्टेप्स विचारते. पण गेल्या वर्षी गणिताच्या मॅडम जानेवारीत सोडून गेल्या आणि मार्चपर्यंत रोज नवा सब, म्हणजे बदली शिक्षक. इथे चार्टरच्या शिक्षकांना राज्याचं सर्टिफिकेट सक्तीचं नाही, हे मला तेव्हा कळलं, आधी विचारायला हवं होतं.

आता पिकअप. बस नाही. कॅन्टीनही नाही, पण डबा आपण देतोच, त्याचं काही नाही. शाळा सुटते तीनला, मी दोन वीसला लाईनीत, ऑगस्टमध्ये बाहेर ४३ डिग्री, एसी चालू, डॅशबोर्डवर नंबराचं कार्ड, आणि पुढची बाई फोनवर बोलत दोन गाड्यांची जागा सोडून बसलेली. माझं काम घरून आहे म्हणून जमतं. शेजारणीच्या मुलाचाही लॉटरीत नंबर लागला होता, पण तिची शिफ्ट चारला सुटते, तिने जागा सोडून दिली. शाळा निवडायचा चॉइस चॉइस करतात ना, तो गाडी आणि मोकळी दुपार असणाऱ्यांचा आहे, स्पष्टच बोलते.

त्यात २०२२ पासून ईएसए, म्हणजे मुलाच्या शिक्षणासाठी राज्य पालकांना पैसे देतं ती योजना, सगळ्यांना खुलं केलंय, प्रायव्हेट किंवा होमस्कूलला वर्षाला साधारण सात हजार डॉलर. तिकडे डिस्ट्रिक्टच्या शाळांत मुलं कमी होतायत, फिनिक्सच्या रूझवेल्ट डिस्ट्रिक्टने डिसेंबर २०२४ मध्ये पाच शाळा बंद करायचं ठरवलं. कारणं बरीच आहेत, जन्म कमी, घरं महाग, पण आमच्यासारखे निघून गेलेलेही त्यातच आले की.

धाकटा पुढच्या वर्षी केजीत. भावंडांना आधी जागा देतात, त्यामुळे वेटलिस्टची धाकधूक कमी. पण परवा त्याने कोपऱ्यावर डिस्ट्रिक्टच्या शाळेची पिवळी बस बघितली आणि तेव्हापासून रोज विचारतोय, मी त्यात कधी बसणार. नवरा म्हणतो बसू दे. चार्टरचा फॉर्म आठवडाभर उघडाच पडलाय लॅपटॉपवर.