नौपाड्यातलं सायकलचं दुकान आणि माझ्या भावाचा गुडघा

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ठाण्यात घोडबंदर रोडवर, गायमुखच्या उतारावर, माझ्या धाकट्या भावाला टेम्पोने उडवलं. उजव्या मांडीचं हाड मोडलं, गुडघ्याची वाटी फुटली. मांडीत रॉड आहे. २००-३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात पूर्ण करायच्या लांब सायकल राइड) करणारा मुलगा. जूनमध्ये वॉकर सुटून हातात काठी आली, तेव्हा पहिला प्रश्न: "ताई, सायकल कुठाय?" ती बाल्कनीत होती, चादरीखाली. मीच झाकली होती.

फिजिओ मॅडम म्हणाल्या, घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी धरणाऱ्या स्टँडवर, चालवू दे. पण गुडघा ९५ अंशांपर्यंतच वाकत होता आणि पेडलचा पूर्ण फेरा मारायला साधारण ११० लागतात. ट्रेनर बघायला एका मोठ्या शोरूममध्ये गेले, तिथे पायाची चौकशीही न करता नव्या सायकलचं कोटेशन हातात ठेवलं. मग भावाच्या रायडिंग ग्रुपमधल्या एकाने या दुकानाचा पत्ता दिला.

इथल्या दादांनी आधी सायकलला हातच लावला नाही. भावाला स्टुलावर बसवलं, फिजिओची चिठ्ठी वाचली, गुडघा आपणहून किती वाकतो ते मापलं. "दुखलं की लगेच सांगायचं, सहन करत बसायचं नाही," हे दोनदा बजावलं. मग १७० मिलिमीटरचे क्रँक (पेडल धरणारे दांडे) काढून मुलांच्या सायकलला असतात ते १५२चे बसवले. क्रँक १८ मिलिमीटरने आखूड झाले की सीट तेवढीच वर घेता येते, म्हणजे पेडल वर येतं तेव्हा पायाला ३६ मिलिमीटर जास्त जागा मिळते. मी शाळेत गणित शिकवते, तरी त्यांनी बिलाच्या पाठीवर दोन वर्तुळं काढली तेव्हाच ते डोक्यात शिरलं. बुटाच्या तळाची क्लीट ज्यात अडकते ती पेडलंही काढली. क्लीट सोडवताना टाच बाहेर मुरडावी लागते, तो पीळ सध्या नको म्हणाले.

अपघाताच्या वेळचं हेल्मेट वरून धड दिसत होतं. आतला फोम एकदा दबला की परत फुगत नाही, असं सांगून त्यांनी आम्हाला विचारून त्याचे पट्टे कापले, चुकून कुणी घालायला नको. पुढचं चाक धरणाऱ्या कार्बनच्या फोर्कवर नाण्याने टकटक करत गेले. एका जागी आवाज बद्द आला. "ट्रेनरवर ठीक आहे, रस्त्यावर हा फोर्क जाणार नाही."

घरी आठ दिवस नुसते झोके. अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे, मागे जाताना मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची टकटक. नवव्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि ती टकटक थांबेचना. बाहेर येऊन पाहते तर पेडल उलटं, पण पूर्ण फिरत होतं. मी लाटणं हातात घेऊनच रडले. सरळ फेरा आणखी चार दिवसांनी बसला.

भाऊ सारखं एगन बर्नाल या कोलंबियन सायकलपटूचं नाव घ्यायचा. जानेवारी २०२२मध्ये तो थांबलेल्या बसवर आदळला, मांडी, गुडघ्याची वाटी, मणके मोडले, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा शर्यतीत उतरला. खरं आहे ते. पण बर्नालच्या पाठीशी अख्खी टीम होती. दादांनी भावाला हे तोंडावर सांगितलं, आणि सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, मेडिकलची पांढरी टेप चिकटवून त्यावर तारीख आणि गुडघ्याचा कोन लिहिला. कोन वाढल्याशिवाय सेटिंग बदलणार नाही, ही अट. आता टेपवर पाच ओळी आहेत. ११८ अंशांना १६५चे क्रँक लागले.

फिटिंगचे २५०० घेतले. नंतरच्या चार खेपांना फक्त पार्टचे पैसे.

तक्रारी आहेत. दुकानाला तीन पायऱ्या आहेत आणि धरायला कठडा नाही. काठीवाल्या माणसाला तिथे दोघांनी धरावं लागतं. १६५च्या क्रँकसाठी बारा दिवस थांबलो, आणि आले का हे प्रत्येक वेळी आम्हीच फोन करून विचारायचं. पार्किंगचं तर नावच काढू नका.

नवा फोर्क आणि नवं हेल्मेट घेऊन डिसेंबरपासून तो सकाळी उपवन तलावाकडे जातो, मी मागून स्कूटरवर. येऊरच्या चढाला फिजिओ मॅडमनी अजून हो म्हटलेलं नाही.

जाणार असाल तर मंगळवारी-बुधवारी अकराच्या सुमारास जा. शनिवारी पंक्चरवाल्यांची गर्दी असते, निवांत बोलणं होत नाही. आणि फिजिओची चिठ्ठी न्या. त्याशिवाय दादा पान्याला हात लावत नाहीत.