नंबर पॅड हवाच, फक्त उजवीकडे नको

माझं काम आकड्यांचं. डावीकडे बिलांचा गठ्ठा, मधे कीबोर्ड, उजवीकडे माऊस, आणि दिवस संपेपर्यंत हजारेक रकमा एक्सेलमध्ये चढवायच्या. अठरा वर्षं हेच चाललंय. त्यामुळे कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांचा जो वेगळा चौकोन असतो, त्याबद्दल भाच्याने "मावशी, नंबर पॅड हल्ली वापरतं कोण?" असं विचारलं तेव्हा मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. रंधा वापरतं कोण, असं सुताराला विचारल्यासारखंच ते.

पण उजवा खांदा दुखायला लागला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मी कामाला बसते कशी, त्याचा फोटो मागितला. फोटो बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "माऊस एवढा लांब का ठेवलाय?" मी लांब ठेवला नव्हता. कीबोर्ड जिथे संपतो तिथे ठेवला होता, आणि कीबोर्ड संपत होता नंबर पॅडच्या पलीकडे.

घरी येऊन टेप काढली. बहुतेक सगळ्या मोठ्या कीबोर्डांवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर अंतर असतं. पॅडच्या चार उभ्या ओळी आणि मधली फट धरली की आठ सेंटिमीटर जातात. माऊस रोज तेवढा बाहेर. त्याहून मोठा घोळ मला तेव्हा प्रथमच दिसला. मी कीबोर्ड स्क्रीनच्या बरोबर मधे ठेवायची, पण अक्षरं टाइप करताना दोन्ही हातांचा मध्य जी आणि एच या बटणांच्या मधे येतो, आणि ती जागा पूर्ण कीबोर्डच्या मध्यापासून साडेआठ सेंटिमीटर डावीकडे असते. म्हणजे नजर समोर, हात डावीकडे आणि माऊस दूर उजवीकडे. इतकी वर्षं मी टेबलाशी तिरकी बसत होते आणि दोष खुर्चीला देत होते.

भाच्याने त्याचा जुना कीबोर्ड दिला. ८७ बटणांचा, पॅड नसलेला. नेहमीच्या १०४ मधून पॅडची १७ गेली की ८७ उरतात, साधी वजाबाकी. ब्राउन स्विचचा आहे, दाबताना बोटाला हलका टप्पा कळतो, आवाज बेताचा. वस्तू म्हणून काही तक्रार नाही: जड आहे, सरकत नाही, बाणांची बटणं आणि होम, एंड, डिलीट सगळं जागच्या जागी. माऊस जवळ आला. पंधरा दिवसांत खांद्याची कुरकुर कमी झाली. व्यायामही चालू होते, तेव्हा सगळं श्रेय मी कीबोर्डला देणार नाही.

कामाचं मात्र मातेरं झालं. वरच्या ओळीतले आकडे म्हणजे दहा आकडे दहा ठिकाणी, बोटांच्या मूळ जागेपासून दोन ओळी वर, आणि दोन्ही हात अडकलेले. मग बिल उलटायचं कुणी? अक्षरांमधे एखादी तारीख किंवा खोलीचा नंबर टाकायचा असेल तर ती ओळ ठीक आहे. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीने मराठी लिहिताना तर ती मला लागतेच, शिफ्ट दाबून ज्ञ, त्र, क्ष, श्र तिथेच मिळतात. पण सलग रकमा? एका रविवारी मी त्याच शंभर रकमा दोन्ही पद्धतींनी घातल्या. जुन्या कीबोर्डच्या पॅडवर चार मिनिटं वीस सेकंद, दोन चुका. वरच्या ओळीवर सात मिनिटांच्या वर, नऊ चुका. एका बाईचा एका दुपारचा प्रयोग आहे, यावरून कुणी सिद्धांत मांडू नये. पण नऊपैकी पाच चुका ६ आणि ७ यांच्या अदलाबदलीच्या होत्या, कारण ६ कुठल्या हाताचा हे माझ्या हातांचं शेवटपर्यंत ठरलंच नाही.

पॅडवर तो प्रश्नच येत नाही. मधलं बोट ५ वर, त्या बटणावरचा बारीक उंचवटा लागला की हात जागेवर आहे हे कळतं. तिथून कुठलाही आकडा फार तर एक घर दूर. शून्याला अंगठा, एंटरला करंगळी. नजर कागदावर राहते आणि रक्कम डोळ्यांतून थेट बोटांत उतरते, मधे डोकं लागत नाही. शेजारी कुणी बोलत असलं तरी हात चालू राहतो.

ही मांडणी शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१४ च्या सुमारास डेव्हिड सुंडस्ट्रँड यांनी बेरीज-यंत्रासाठी नऊ आकडे तीन-तीनच्या ओळींत बसवले, ७-८-९ वर आणि शून्य खाली. पुढे बटणांचा फोन आणायचा होता तेव्हा बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेने वेगवेगळ्या मांडण्या लोकांकडून दाबून घेतल्या, त्याचा अभ्यास १९६० मध्ये छापला, आणि फोनवर १-२-३ वर गेले. त्याचं फळ मी भोगते: दिवसभर बिलं चढवून संध्याकाळी कुणाला फोन लावायचा झाला की १ च्या जागी ७ दाबला जातो.

तर पॅड हवा. मग तो कीबोर्डलाच चिकटलेला हवा का? इथे मी सुटा पॅड मागवला, आणि पहिला चुकीचा मागवला. बिनतारी होता, दिसायला देखणा. काही मिनिटं हात लावला नाही की तो झोपी जायचा, आणि जागा होताना पहिलं बटण गिळायचा. अक्षर गिळलं तर शब्द चुकीचा दिसतो, आपण दुरुस्त करतो. आकडा गिळला तर ४२५० चे २५० होतात आणि २५० ही रक्कम दिसायला अगदी शहाण्यासारखी असते. संध्याकाळी बेरीज ४००० ने जुळेना, म्हणून गठ्ठा पहिल्यापासून तपासला. त्या रात्रीच तो परत पाठवला. आकड्यांच्या कामाला बिनतारी पॅड घ्यायचाच असेल तर दहा मिनिटं बाजूला ठेवून मग पहिलं बटण दाबून बघा.

दुसरा तारेचा. नऊ सेंटिमीटर रुंद, एका हातात मावतो. त्यात एक गोष्ट अशी आहे की पूर्ण कीबोर्डवाल्यांनी हेवा करावा: पॅडवरच बॅकस्पेस. नेहमीच्या पॅडवर खोडायचं बटण नसतं, चुकलं की हात उचलून अक्षरांच्या वर न्यावा लागतो. हा एवढा हेलपाटा आपण इतकी वर्षं मुकाट्याने का सोसला, देव जाणे. शून्य-शून्यचं जोड बटणही आहे, पण माझा अंगठा शून्य दोनदा दाबायला इतका सरावलाय की ते कोरंच राहिलंय. वाईट म्हणायचं तर वजनाला फार हलका. जोरात एंटर मारला की टेबलावर सरकतो. खाली रबरी चटईचा तुकडा कापून चिकटवला तेव्हा थांबला. आणि एंटरचं लांब बटण खालच्या टोकाला दाबलं की खुळखुळतं.

एक गंमत लॅपटॉपवाल्यांसाठी. माझ्या जुन्या, छोट्या लॅपटॉपमध्ये अक्षरांच्या खाली लपलेला पॅड आहे: जे, के, एल म्हणजे १, २, ३, यू, आय, ओ म्हणजे ४, ५, ६, एम म्हणजे शून्य. सुट्या पॅडवरचं नम लॉक लावलं की लॅपटॉपचंही लागतं. मग अक्षरं टाइप करायला गेलं की आकडे उमटतात. मला हे पासवर्ड टाकताना कळलं, म्हणजे कळलंच नाही, कारण तिथे सगळे ठिपकेच दिसतात. तीनदा चुकीचा पासवर्ड टाकून मी स्वतःच्याच खात्याबाहेर उभी. हे नम लॉक मुळात आलं कशाला? १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर ८३ बटणं होती आणि बाण वेगळे नव्हते, ते २, ४, ६, ८ वरच होते. आता आकडा की बाण, हे सांगायला नम लॉक लागायचं. १९८६ मध्ये १०१ बटणांचा कीबोर्ड आला, बाणांना स्वतंत्र जागा मिळाली, आणि नम लॉकचं काम जवळजवळ संपलं. भाडेकरू मात्र जागा सोडायला तयार नाही.

सुटा पॅड मी आधी सवयीने उजवीकडेच ठेवला, माऊसच्या पलीकडे. तेही चाललं, पण माऊस आणि पॅड यांच्यात एकच हात ये-जा करत राहिला. एक दिवस वैतागून पॅड उचलला आणि डावीकडे ठेवला.

पहिला आठवडा नामुष्कीचा. डाव्या हाताला सगळं उलटं. तर्जनी ४ ऐवजी ६ वर येते, अनामिका ४ वर. मेंदूला ठाऊक असतं, बोटांना नसतं. माझ्याकडून ४५६ चे ६५४ होत होते. अंगठ्याची गोष्ट सगळ्यात मजेची. उजव्या हाताचा अंगठा शून्यावर पडतो, कारण शून्य डाव्या कोपऱ्यात रुंद पसरलंय. डाव्या हाताचा अंगठा उजवीकडे असतो, तो पडतो दशांशाच्या टिंबावर आणि एंटरवर. मग शून्य अनामिकेने घ्यायला शिकले आणि एंटर अंगठ्याने. अंगठ्याने एंटर मारणं हे इतकं सुखाचं आहे की करंगळीवर आपण उगाच अन्याय केला असं वाटतं.

तीन आठवड्यांनी वेग जवळपास परत आला. आणि मग ज्याचा मी विचारच केला नव्हता ते लक्षात आलं. पॅड डावीकडे ठेवला की त्याच्या उजव्या अंगाला टॅब येतो. एक्सेलमध्ये आडव्या ओळीत भरायचं तर प्रत्येक रकमेनंतर टॅब, ओळ संपली की एंटर, आणि कर्सर आपोआप पुढच्या ओळीत जिथून सुरुवात केली त्या स्तंभाखाली येतो. आधी या टॅबसाठी हात अख्खा कीबोर्ड ओलांडायचा. आता तर्जनी नुसती बाजूला सरकते.

आणखी एक. चढवलेल्या रकमेवर मी पेनाने खूण करते. अठरा वर्षं मी पेन ठेवायची, रक्कम घालायची, पेन उचलायची, खूण करायची, पेन ठेवायची. आता पेन उजव्या हातातच असतं.

सहकाऱ्याकडचा तो दाटीवाटीचा, ज्याला ९६ टक्के म्हणतात, तो कीबोर्डही दोन दिवस वापरून बघितला. पॅड आहे, फटी नाहीत, त्यामुळे रुंदी कमी. पण त्यात शून्य एकाच घराचं केलंय आणि त्याला खेटून उजवा बाण. अंगठा शून्याला जातो, कर्सर पुढच्या घरात जातो. माझ्या कामाला नाही चालायचा. पॅडवाला मोठा लॅपटॉप त्याहून नको. त्यात अक्षरं आणि टचपॅड दोन्ही डावीकडे ढकललेले असतात आणि स्क्रीन मधेच राहते, म्हणजे तोच तिरकेपणा, तोही कायमचा.

भाचा गेम खेळतो, त्याला माऊस फिरवायला जागा हवी, त्याचं बरोबर आहे. कोड लिहिणाऱ्यांचंही पॅडवाचून अडत नाही. पण त्याचीच मैत्रीण ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. तिथे १ दाबला की समोरून, ३ उजवीकडून, ७ वरून, शून्य दाबलं की कॅमेऱ्यातून दिसतं. वरच्या ओळीकडून हेच काम करून घ्यायची सोय आहे, पण मग त्या ओळीची मूळ कामं जातात. विंडोजमध्ये ऑल्ट धरून ०१७६ दाबून अंशाचं चिन्ह काढणारे माझ्यासारखे जुने लोक आहेत, त्यांना पॅडच लागतो, वरचे आकडे तिथे चालत नाहीत. आणि दृष्टिहीन माणसं स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतात त्यांचं तर अर्धं वाचन पॅडवर: एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या डेस्कटॉप मांडणीत ८ दाबला की ओळ, ५ दाबला की शब्द, २ दाबला की अक्षर ऐकू येतं. लॅपटॉपसाठी वेगळी मांडणी आहे, पण ती आणखी बटणं एकत्र धरायला लावते. "पॅड कोण वापरतं?" म्हणणाऱ्याने ही यादी आधी बघावी.

सुटा पॅड घेणार असाल तर तार, बॅकस्पेस, ५ वरचा उंचवटा आणि पूर्ण दोन घरांचं शून्य, एवढं बघूनच घ्या. पहिले दोन आठवडे महिनाअखेरीचं काम त्यावर करू नका. मी केलं, त्यात एक्सेलची दशांश आपोआप घालायची सोयही चालू करून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी बंद करायला विसरले. अख्ख्या पानावर ५०० चे ५ झाले होते.

परवा मी सुट्टीवर होते, तेव्हा ऑफिसातली नवी मुलगी माझ्या टेबलावर बसली. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर पॅड उजवीकडे, माऊस त्याच्या पलीकडे, आणि खालची रबरी चटई उलटी.