बाल्कनीतली मातीविना भाजी: खोका, बादली, पाइप की कोकोपीट?

फ्लॅटच्या बाल्कनीत मातीविना भाजी लावायची म्हटलं की मोबाइलवर सगळ्यात आधी दिसतो तो पांढऱ्या पाइपांचा स्टँड. तीन-चार मजली, भोकाभोकांतून हिरवंगार लेट्यूस वर आलेलं, खाली टाकी, टाकीत पंप. दिसायला देखणा, त्यामुळे बहुतेक नवखे तोच घेतात. मीही तोच घेतला होता. आता कुणी विचारायला आलं की मी पहिलं वाक्य हेच सांगते: पहिल्या वर्षी पाइप नको.

पर्याय खरं तर चार आहेत. पहिला बंद खोका. थर्माकोलचा डबा, झाकणाला भोकं, भोकांत जाळीच्या छोट्या कुंड्या आणि आत खताचं पाणी. पंप नाही, वायर नाही. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावावरून याला क्रॅटकी पद्धत म्हणतात. दुसरा पर्याय बुडबुड्यांच्या बादलीचा, म्हणजे डीडब्ल्यूसी: तसंच भरलेलं पाणी, पण माशांच्या टाकीत सोडतात तो हवेचा दगड आत चोवीस तास चालू. तिसरा पाइपांचा, म्हणजे एनएफटी: किंचित उतारावरच्या नळीतून पाण्याचा पातळ थर सतत वाहता ठेवायचा. चौथा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, भरलेली बादली, वरून दिवसातून दोन-तीनदा खताचं पाणी आणि जादा पाणी खालच्या भोकातून बाहेर.

आता यांना शेजारीशेजारी ठेवून पाहू. पहिला प्रश्न मी उत्पन्नाचा विचारत नाही, विजेचा विचारते.

लाईट गेली तर काय?

पाइपमध्ये मुळांच्या खाली जेमतेम काही मिलिमीटर पाणी असतं. पंप थांबला की ते टाकीत उतरून जातं आणि मुळांजवळ शिल्लक काहीच राहत नाही. आमच्याकडे मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी नऊला दुरुस्तीसाठी लाईट गेली, ती आली दुपारी तीनला. मी ऑफिसात. संध्याकाळी दार उघडलं तर चोवीस रोपं ओल्या फडक्यासारखी पाइपवर लोंबत होती. एक कुंडी उचलून पाहिली. सकाळी पांढरी असलेली मुळं नळीच्या तळाला चिकटून तपकिरी, कागदासारखी झालेली. पंप परत सुरू होऊन तीन तास झाले होते, पण त्यातलं एकही रोप उठलं नाही. सहा आठवड्यांची मेहनत सहा तासांत गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

बादलीत निदान पाणी तरी मुळांपाशीच असतं. हवा थांबली तरी हिवाळ्यात दिवसभर रोप तग धरतं. उन्हाळ्यात मात्र काही तासांतच मुळं गुदमरायला लागतात. खोक्याला आणि हाताने पाणी घातलेल्या कोकोपीटला विजेशी देणंघेणंच नाही. बिलाचं म्हणाल तर पाच वॅटचा हवेचा पंप महिनाभर अखंड चालून साडेतीन युनिटच्या आसपास घेतो आणि वीस वॅटचा पाण्याचा पंप चौदा-साडेचौदा. म्हणजे बिलाची काळजी नको, खंडित विजेची करा.

ऊन आणि पाण्याचं तापमान

आपल्याकडे सगळ्यात जास्त रोपं मरतात ती इथे. पाणी 20 अंशांवर असताना एका लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांवर साडेसातच. वर उष्णतेत मुळांची प्राणवायूची भूक वाढलेली असते. याच ओढाताणीत पिथियम नावाची मूळकूज शिरते: मुळं तपकिरी होतात, बोटांत धरली की साल सुटून येते आणि पाण्याला वास मारतो. एका पाण्यात सगळी रोपं असली तर ती सगळ्यांना लागते.

पाइप लांब, अरुंद आणि सगळीकडून उघडे; गच्चीवर दुपारी त्यातलं पाणी सगळ्यात लवकर तापतं. इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी ही पद्धत विकसित केली ती काचघरांसाठी, तिथल्या थंड हवेत. मार्च-एप्रिलमधली पुण्या-नागपूरची गच्ची तिने पाहिलेली नाही. काळी बादलीही तापते. तिला पांढरा रंग द्या किंवा ओलं गोणपाट गुंडाळा. थर्माकोलचा खोका इथे सरळ जिंकतो, कारण तो बनलेलाच आहे थंड ठेवायला. मासळीचे किंवा द्राक्षांचे रिकामे खोके मिळाले तर धुऊन घ्या, आतून काळं प्लास्टिक अंथरा. कोकोपीटही बरं, कारण त्यात पाण्याबरोबर हवाही राहते.

तरीही ऋतूशी भांडू नका. लेट्यूस ऑक्टोबरअखेर लावावं आणि फेब्रुवारीत आवरावं. पारा चढला की ते दांडा काढतं आणि पानं कडू होतात, मग पद्धत कोणतीही असो. उन्हाळ्यासाठी पुदिना, इटालियन तुळस आणि आपला पालक. आपला पालक हा परदेशी स्पिनॅच नव्हे, तो बिटाच्या जातकुळीतला आहे, म्हणून उष्णता जास्त सोसतो. बियाणं घेताना पाकिटावर नीट वाचा.

बाल्कनीची दिशाही इथेच पाहून घ्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन खोलवर येतं आणि नेमका तोच लेट्यूसचा हंगाम असतो. उत्तरेच्या बाल्कनीत त्या महिन्यांत थेट ऊन येतच नाही. तिथे पांढरा एलईडी बॅटन रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगून बारा-चौदा तास लावावा लागेल.

खोक्याच्या आत काय चालतं

माझं मत खोक्याच्या बाजूने झालं ते एकदा झाकण उचलून पाहिल्यावर. सुरुवातीला पाणी कुंडीच्या तळाला बोटाच्या पेराइतकं टेकेल एवढं भरायचं. रोप पाणी पितं, पातळी उतरते आणि मधल्या रिकाम्या जागेत मुळांचा वरचा भाग दमट हवेत उघडा पडतो. त्यावर कापसासारखी बारीक लव येते. ती हवा घेणारी मुळं. खालची लांब, गुळगुळीत मुळं पाण्यात. हवेच्या पंपाचं काम ही लव फुकटात करते.

इथेच नवख्यांची सगळ्यात मोठी चूक होते. पातळी अर्ध्यावर आलेली पाहून जीव राहत नाही आणि माणूस डबा परत काठोकाठ भरतो. हवेची मुळं बुडतात, दोन दिवसांत रोप मान टाकतं. भरायचंच तर दोन-तीन बोटं भरा, वरची लव पाण्याबाहेरच राहू द्या. एका लेट्यूसला लावणीपासून काढणीपर्यंत साधारण चार लिटर पाणी लागतं. म्हणजे वीस लिटरच्या खोक्यात पाच रोपं, आणि महिना-दीड महिना फक्त लक्ष ठेवायचं. गावी जायचं असेल तर शेजारच्या काकूंना काही सांगावं लागत नाही.

टोमॅटो, मिरची हवी असेल तर

मग खोका विसरा. वाढलेलं टोमॅटोचं झाड उन्हाच्या दिवशी लिटर-दोन लिटर पाणी सहज पितं, त्याला बांधायला आधार लागतो आणि महिनोन्‌महिने जागा लागते. बुडबुड्यांच्या बादलीत ते जोमाने वाढतं, पण पाणी, आम्लता, तापमान रोज बघायची तयारी असली तरच. नवख्यासाठी कोकोपीटच. नारळाच्या सोडणाचा काथ्या काढल्यावर उरतो तो भुसा म्हणजे कोकोपीट. त्यात सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात आणि खतातलं कॅल्शियम तो स्वतःकडे धरून ठेवतो, म्हणून आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पातळ पाण्यात रात्रभर भिजवा. हे न केल्यास टोमॅटोच्या फळाचा खालचा भाग काळा पडतो आणि लोक रोग समजून फवारण्या करत बसतात. वाळू-खडीसारख्या माध्यमात हाताने पोषकद्रव्यं घालायची साधी पद्धत आपल्याकडे नवी नाही; 1940च्या दशकात कालिम्पाँगला जेम्स शोल्टो डग्लस यांनी तीच बसवली होती.

खत चारही पद्धतींना सारखंच लागतं, त्यामुळे तुलनेचा प्रश्न नाही, पण चूक सगळ्यांची एकच होते. घरात ठिबकवाला शेतकरी असला की 19:19:19 या विद्राव्य खताचं पाकीट आयतं असतं आणि तेच पाण्यात पडतं. त्यात कॅल्शियम नाही, आणि नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो, जो मातीतल्या जिवाणूंशिवाय झाडाला नीट घेता येत नाही. हायड्रोपोनिक्ससाठीचं ए आणि बी असं दोन भागांचं खत घ्या. दोन्ही घट्ट द्रावणं एकमेकांत थेट कधीच ओतू नका. कॅल्शियम आणि सल्फेट मिळून तळाला पांढरा गाळ बसतो आणि तो झाडाला मिळत नाही. ए पाण्यात ढवळा, मग बी. ईसी, म्हणजे खताच्या पाण्याची तीव्रता, लेट्यूसला 1च्या आसपास, टोमॅटोला फळं धरल्यावर 2च्या पुढे; पीएच, म्हणजे आम्लता, साडेपाच ते साडेसहा. दोन्ही मीटरने मोजतात. मुंबईच्या तलावांचं पाणी मऊ, त्यावर काम सोपं जातं. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर आधी टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजा. आकडा 400-500 असेल तर अर्धं आरओचं मिसळा.

आणि झाकण घट्ट ठेवा. स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. कुंडी नसलेलं प्रत्येक भोक टेपने बंद करा.

तेव्हा नोकरीवर जाणारं घर, पालेभाजीची हौस, हिवाळा समोर: डोळे मिटून खोका. घरी दिवसभर कुणीतरी आहे आणि मिरची-टोमॅटो हवेत: कोकोपीट. एक हंगाम खोका जमला, मीटर हाताळायची सवय झाली आणि वाढ जोरात हवी वाटली, तर त्याच खोक्यात हवेचा दगड सोडा, पाण्याची पातळी थोडी चढी ठेवा, बादली वेगळी घ्यायला नको. पाइप तेव्हाच घ्या, जेव्हा पंपाला इन्व्हर्टर आहे आणि एका वेळी वीस-पंचवीस गड्डे खाणारं किंवा वाटून घेणारं कुणी आहे. माझा स्टँड मी टाकलेला नाही. या नोव्हेंबरात तो इन्व्हर्टरवर जोडणार आहे, पण शेजारी दोन खोके भरलेले असतील.